थंड टेप

"सर, ही टेप एकदा तरी परत वाचून बघितली का तुम्ही?"

औरंगाबादहून येणाऱ्या इंजिनिअरला हे मी विचारूच शकणार न्हाई, अशी माझ्या वर्गातल्या शहाजादीनं आणि बाकीच्या पोरींनी पैज लावली होती. विचारलं. बाबांचा डबा टेबलावर ठेवता ठेवता, अगदी सहज.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली की मी डबा घेऊन बाबांच्या बियाण्याच्या कंपनीत जाते. बाबा तिथं उगवण चाचणीच्या नोंदी सांभाळतात. दर शनिवारी कॉम्प्युटरमधल्या त्या नोंदींची नक्कल टेपवर घ्यायची, टेप लोखंडी कपाटात ठेवायची आणि रजिस्टरात ‘नक्कल घेतली’ लिहून सही करायची. आधी टेप बाहेर यायची ती तव्यावरून काढल्यासारखी गरम. दिवाळीनंतर ह्याच इंजिनिअरनं, बद्रीनाथ सरांनी, कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली, तेव्हापासून टेप थंड. मशीनच्या आतली गुरगुरही बंद. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हिरवा दिवा लागतो ना, मंग झालं."

मला ते पटलं न्हाई.

बद्रीनाथ सर माझ्याकडं न बघताच हसले. "कडूबा, पोरगी कितवीला?"

"दहावीला," बाबांनी सांगितलं.

"मंग अभ्यास कर म्हणावं. बोर्डाचं वर्ष आहे."

आणि हे बोलता बोलता त्यांनी पडद्यावरची एक यादी हळूच बंद केली. पण मी बघितलं होतं. टेपच्या नावापुढं पिवळं प्रश्नचिन्ह.

"ते पिवळं काय होतं, सर?"

बाबांचा पेन रजिस्टरावर थांबला. "सांगा की, सर. पोरगी काय विचारून राह्यली?"

सरांनी रुमालानं मान पुसली आणि सांगितलं. मूळ नोंदी ज्यांच्यावर साठतात त्या डिस्का कॉम्प्युटरच्या आत ज्या कंट्रोलर कार्डाला जोडल्यात, त्यालाच टेपचीही केबल आहे. नव्या सिस्टीमला त्या कार्डावरच्या डिस्का दिसतात, टेप दिसत न्हाई. तिची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो नव्या सिस्टीमसाठी अजून निघालाच न्हाई. "हिरवा दिवा म्हणजे नुसता करंट चालू. ड्रायव्हर आला की मी स्वतः टाकतो. तोवर कंपनीच्या साहेबांना कशाला सांगायचं? तुम्ही सही करा बिनधास्त."

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

घरी आल्यावर त्यांनी बोटांवर शनिवार मोजले. मंग म्हणाले, "नऊ शनिवार. नऊ टेपा कोऱ्या, अन् नऊ सह्या माझ्या."

आई ज्वारी निवडून राह्यली होती. सूप खाली ठेवत ती म्हणाली, "शिक्का मारलेली पिशवी आली तरी तुम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघता. मंग ह्या टेपेतला एक दाणा उगवून बघायला काय झालं होतं?"

बाबा कसनुसं हसले. "आता साहेबांना सांगितलं, तर पहिलं विचारतील, सह्या का केल्या. नोकरी जाईल."

"अन् डिस्क बिघडली तर?" मी विचारलं. "दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या, की बद्रीनाथ सर म्हणतील, रजिस्टर बघा, सही कुणाची आहे."

बाबा आईकडं बघायला लागले. आई माझ्याकडं.

मंग मीच सांगून टाकलं, "सोमवारी मी शाळेत जाणार न्हाई. बाबा, त्या नऊ सह्यांपुढं खरं काय ते तुम्ही लिहायचं, अन् रजिस्टर घेऊन साहेबांपुढं मी तुमच्यासोबत उभी राहणार."