सरकती खाट

सुनेत्राच्या यंत्राचं खरं नाव रिफॉर्मर. पण बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं: सरकती खाट! नाव अगदी चपखल. लाकडी चौकट, तिच्यात चाकांवर पुढंमागं सरकणारी गादी, गादीला पायथ्याकडं ओढून धरणाऱ्या, कड्यांत हव्या तितक्या अडकवायच्या चार स्प्रिंगा, आणि हातांनी ओढायला दोरी. उताणं झोपायचं, पायांनी दांडी रेटायची. गादी सरकते, स्प्रिंगा ताणल्या जातात, नि कमरेतली कुरकुर हळूहळू गप्प होते. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात सुनेत्रा व्यायामशाळेत कामाला होती, तिथल्या मडमेनं तिला हा पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवला. पंच्याण्णव साली हॉटेलनं खाट मोडीत काढली, तेव्हा हिनं ती टेम्पोत घातली आणि थेट बदलापूरला सोसायटीच्या हॉलमध्ये आणून टेकवली. स्वतःचा क्लास! कुणाला ‘येस मॅडम, नो मॅडम’ नाही.

दोन वर्षं झकास गेली. कंबर धरून आलेल्या बायका ताठ मानेनं जिना उतरायच्या. आणि मग एका सकाळी, खाटेवर नीलिमावहिनी असताना, टण्ण! एक स्प्रिंग तुटून भिंतीवर आदळली. वहिनींना खरचटलंसुद्धा नाही, पण किंचाळल्या अशा की खालचा वॉचमन शिट्टी फुंकत वर धावला.

आता नीलिमावहिनी म्हणजे कोण, तर सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांची बायको. स्प्रिंग तुटायचीच होती तर नेमकी यांच्या वेळेला! श्यामकांत अंबरनाथला कारखान्यात ऑफिसर. घरातही ऑफिसरच.

"रविवारी मीटिंग," त्यांनी जाहीर केलं. "ही खाट हॉलच्या बाहेर जाणार. आमच्या कारखान्यात असती तर मी कधीच भंगारात घातली असती."

बायकांनी धसका घेतला आणि येणंच बंद केलं. हॉल गेला की क्लास गेला, आणि क्लास गेला की पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. सुनेत्रा त्या दुपारी दार लावून ओक्साबोक्शी रडली. मग तोंड धुतलं, तुटकी स्प्रिंग पिशवीत घातली आणि उल्हासनगर गाठलं.

तिथल्या कॅम्प पाच भागात टेकचंदचं स्प्रिंगांचं दुकान. स्कूटरपासून शटरपर्यंत सगळ्याच्या स्प्रिंगा. त्यानं तुकडा उलटासुलटा पाहिला.

"हुबेहूब बनवतो, अदी," बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "वरती अमेरिकेचा स्टिकर पण लावू? फ्री में!"

"स्टिकर राहू द्या हो. स्प्रिंग तेवढी अमेरिकेच्या तोडीची करा."

"अरे, अमेरिकावाले आपल्याकडून घेऊन जातील!"

स्प्रिंग खरंच फक्कड झाली. सुनेत्रानं हौसेनं बसवली, गादी ओढून पाहिली, आणि हात कपाळाला लावला. गादी चक्क एका अंगाला ओढत होती, वर चाकांची चुईंचुईं. तीन थकल्या बैलांत एक तरणा जुंपावा तसली गत. तिनं जुन्या-नव्या स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी ठेवल्या. नवीचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले. जुन्यांच्या वेढ्यांत मात्र नख सहज शिरत होतं.

म्हणजे या तिघीही तुटण्याच्याच रांगेत होत्या! मडमेनं तर सांगितलं होतं, स्प्रिंगा तुटायची वाट बघायची नाही, चारही एकदम बदलायच्या. तेव्हा सुनेत्राला वाटलं होतं, हे गोऱ्यांचे लाड. आपल्याकडं कसं, धडधाकट दिसणारी वस्तू बदलली तर लोक म्हणणार, पैसा वर आलाय का? चाकं कुरकुरली, चालतंय की. दोरी पिंजली, चालतंय की. कड्या झिजल्या, अहो, चालतंय की! आणि या ‘चालतंय की’वर तिनं दोन वर्षं लोकांच्या लेकीसुना झोपवल्या होत्या. तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं ती अख्खी खाट उलटी केली आणि खिळखिळं दिसेल ते सगळं उपटून काढलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात हजर.

"फिर टूट गया?" टेकचंदचा चेहरा उतरला.

"नाही. अजून तीन द्या. त्याच तारेच्या, त्याच ताणाच्या. आणि चाकं, कड्या, दोरी कुठं चांगली मिळेल तेही सांगा."

रविवारी हॉल गच्च भरला. सुनेत्रानं घरातली परात आणून टेबलावर ठेवली. परातीत जुना माल: सैल स्प्रिंगा, एका बाजूनं चपटलेली चाकं, पिंजलेली दोरी, झिजून पातळ झालेल्या कड्या.

"बघा," ती म्हणाली. "यात तुटलेली एकच आहे. बाकीचं सगळं चालत होतं, म्हणून मी चालवलं. चुकले मी. आता यातलं काहीच खाटेत नाही. आणि यापुढं तुटायच्या आधीच बदलणार."

मग ती स्वतः झोपली. तिनं दांडी रेटली. गादी सरळ गेली, सरळ आली. ना ओढ, ना आवाज.

"तुम्हाला सवय आहे," श्यामकांत म्हणाले. "दुसरं कोण झोपणार यावर?"

कुणी हललं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. संपलंच आता, सुनेत्राला वाटलं.

तेवढ्यात नीलिमावहिनी उठल्या. चपला काढल्या, ओढणी कमरेला करकचून बांधली.

"अगं, तू?" श्यामकांत खुर्चीतून अर्धे उठले.

"किंचाळले मी होते ना? मग ठरवणारही मीच!"

त्या झोपल्या, डोळे गच्च मिटून. सुनेत्रानं दोन स्प्रिंगा लावल्या. वहिनींनी पाय रेटले. एकदा. दोनदा. मग एक डोळा उघडला.

"अजून एक लाव गं."

तिसरी लागली.

"चौथी कुणासाठी ठेवलीयेस?"

आणि चौथी लावल्यावर वहिनींनी दात-ओठ खाऊन असा रेटा दिला की गादी पार टोकाला गेली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! मागून क्लासमधली बकुळा ओरडली, "पुढच्या आठवड्यात माझा नंबर!" लगेच दुसरी, लगेच तिसरी. सुनेत्राला हसू आवरेना नि डोळ्यांतलं पाणीही.

श्यामकांत ठरावाचा कागद घेऊन उभेच होते. "मग... मतदान घ्यायचं का?"

"अहो, मतदान कसलं?" वहिनी खाटेवरूनच म्हणाल्या. "खुर्च्या उचला आधी. क्लासला जागा लागते आमच्या."