पालकांच्या विनंतीवरून

"परत वाच," विभावरीबाई म्हणाल्या.

"तीनदा वाचलं, आई. चौथ्यांदा वाचून त्यातून वेगळं काही निघणार आहे का?" प्रतापने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला. "घे, तूच बघ."

विभावरीबाईंनी पदराने चष्मा पुसला. पत्र अमेरिकेहून आलं होतं. कॉलेजच्या संघातून खेळू पाहणाऱ्या मुलांची शाळेची कागदपत्रं तपासणारं एक केंद्र तिकडे आहे, त्यांचं. मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं लेखनिक म्हणून काढल्यावर कचेरीचं पत्र कुठल्याही देशातलं असो, वाचता येतं. आधी आभार, मग नियमाचा क्रमांक, आणि खरं काय ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. त्यांनी थेट तिथेच बोट ठेवलं.

नववीच्या पहिल्या दिवसापासून चार वर्षं. तेवढ्यात ठरलेले सोळा विषय पुरे व्हायला हवेत, आणि त्यांत शाळेची भाषा चारही इयत्तांची. त्यांची नात तनया हिची चार वर्षं केंद्राने मोजली होती: नववी, दहावी, पुन्हा दहावी, अकरावी. दोनदा केलेल्या दहावीचे विषय मात्र एकदाच धरले होते. आणि बारावी, जिच्यात पोरीने सगळ्यांत चांगले गुण मिळवले होते, ती मुदतीबाहेर.

"म्हणजे कॉलेज घेणारच नाही का तिला?" सुकन्याने ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"कॉलेज घेईल. वर्गात बसायला. भाला हातात धरायचा नाही," प्रताप म्हणाला. "आणि भाला नाही तर तिकडे जाऊन करायचंय काय? तो कोच तिला भाल्यासाठीच बोलावतोय ना."

तनया टेबलाच्या कडेला उभी होती. एकोणीस वर्षांची, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित भरलेला. मार्चपासून त्या कोचशी तिचं आठवड्याला बोलणं व्हायचं. तिथल्या मैदानाचा फोटो तिने खोलीत लावला होता. तिने पत्र एकदाच वाचलं होतं. "आल्झो, चला, मी ट्रेनिंगला जाते," एवढं म्हणून तिने बॅग उचलली. खाली सायकलचं कुलूप वाजलं.

विभावरीबाईंच्या समोर त्यांची नाडीची पिवळी फाइल होती. दरवर्षी नव्वद दिवसांचा व्हिसा काढून त्या मुलाकडे जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला येत. या वेळी तनयाची कागदपत्रं लावायची म्हणून ती फाइल त्यांनी मुद्दाम मिरजेहून आणली होती. प्रत्येक इयत्तेचं प्रगतिपुस्तक, त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरावर शिक्का, शिक्क्याच्या प्रतीवर पुन्हा शिक्का. पंधरवड्यात त्या तनयाच्या शाळेच्या कचेरीत तीनदा जाऊन आल्या होत्या. फाइल इतकी चोख झाली होती की बांधताना नाडीला त्यांनी दोन गाठी मारल्या होत्या. त्या चोख फाइलमध्ये पुन्हा केलेली दहावीही चोख लावलेली होती, अनुक्रमांक तीन.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या याच खुर्चीत बसल्या होत्या. तनया दहावी पास झाली होती. गणितात मात्र चार मिळाले होते. जर्मनीत एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे कपाळमोक्ष. चार म्हणजे काठावर. प्रतापचा चेहरा उतरला होता. तेव्हा विभावरीबाईंनीच सांगितलं होतं, की इथे पालकांनी अर्ज केला तर पास झालेल्या मुलालाही तोच वर्ग पुन्हा करता येतो, मी चौकशी केलीय. एक वर्ष गेलं तर जाऊ दे. वर्षं कोणी विचारत नाही, गुणपत्रिका जन्मभर बोलते. आपल्याकडे इम्प्रूव्हमेंटला मुलं बसतात ती काय वेडी म्हणून?

तनया रडली होती. "आबर इश हाब डॉख बेश्टांडन," पास झालेय ना मी, हे एकच वाक्य ती धरून बसली होती. मैत्रिणी पुढे जाणार आणि ही मागे राहणार. या गावात पास झालेली मुलगी पुन्हा त्याच बाकावर का बसते हे कोणालाच कळेना. शेजारच्या बाईंनी सुकन्याला हळूच विचारलं होतं, की घरी काही अडचण आहे का. सुकन्याही तेव्हा नको म्हणाली होती. पण शाळेचं असलं की या घरात आईंचा शब्द.

वर्षभराने चाराचे तीन झाले. एवढंच.

"ऐक, आई," प्रतापने खुर्ची पुढे ओढली. पत्राच्या शेवटी एक वाट होती, ती त्याने दाखवली. वर्ष आजारपणामुळे परत करावं लागलं असेल, तर शाळेचं तसं पत्र शुक्रवारपर्यंत पाठवावं, विचार होईल. त्या वसंतात तनयाचं कोपर दुखत होतंच. सहा आठवडे शाळा बुडली होती. शाळेने एक ओळ लिहून दिली की काम झालं. आणि कचेरीतल्या त्या बाईंशी आईची आता ओळख झालीय.

"कोपर दुखत होतं हे खरं," विभावरीबाई म्हणाल्या. "वर्ष काही कोपरासाठी परत केलं नव्हतं."

"मग कोणासाठी केलं होतं?" सुकन्याने मागे न बघता विचारलं.

विभावरीबाईंनी फाइलच्या नाडीला हात घातला. त्या काही बोलणार एवढ्यात प्रताप म्हणाला, "आता वासंतीची गोष्ट सांगू नकोस. पाठ आहे मला."

ती गोष्ट त्या घरात सगळ्यांनाच पाठ होती. त्र्याऐंशी सालची. वासंती नावाची नववीतली मुलगी लांब उडी अशी मारायची, की वाळू उकरणारा शिपाई दोन पावलं मागे सरून उभा राही. विभागीय स्पर्धेचे पात्रतेचे अर्ज विभावरीबाई भरायच्या. वयाची अट होती, आणि वासंती त्या अटीपेक्षा चार दिवसांनी मोठी निघाली. तिचा बाप, वासुदेव, शिंपीकाम करणारा, तीन दिवस कचेरीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे बाई, म्हणाला. मोठ्या बाईंनीसुद्धा आडून सुचवलं. विभावरीबाईंनी पेनला टोपण लावलं, रजिस्टर टेबलाच्या कडेशी सरळ करून ठेवलं आणि सांगितलं, "रजिस्टरला आहे तेच मी लिहिणार."

निवृत्तीच्या समारंभात हाच किस्सा सांगितला गेला होता. त्यांनी स्वतः तो नातीला झोपताना सांगितला होता. तेव्हा सात वर्षांची तनया उठून बसली होती. "उंड डान? मग तिचं काय झालं?" विभावरीबाई म्हणाल्या होत्या, काय व्हायचंय, नियम म्हणजे नियम, झोप आता. खरं म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. वासंती पुढे दोन वर्षं त्याच शाळेत होती. एकदाही त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं.

अकरा वाजता त्यांनी साडी बदलली आणि फाइल काखेत मारून निघाल्या. बुटांच्या कंपन्यांचं हे गाव. बसथांब्यावरची म्हातारी माणसंसुद्धा पळायला निघाल्यासारखे बूट घालून उभी असतात. एरवी त्यांना याचं हसू यायचं. आज त्या नुसत्या चालत राहिल्या. मनात इंग्रजी वाक्य जुळवत होत्या आणि जुळलेलं एकही वाक्य त्यांना आवडत नव्हतं.

कचेरीतल्या त्या बाई, फ्राउ आमोन, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. पहिल्याच भेटीत दोघींचं जमलं होतं. फ्राउ आमोनना नाडीच्या फाइलचं कौतुक, विभावरीबाईंना त्यांच्या खटका दाबून उघडणाऱ्या जाड फाइलींचं. दोघींचं इंग्रजी सारखंच कामापुरतं, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती.

विभावरीबाईंनी आल्याचं कारण सांगितलं. फ्राउ आमोननी तनयाची फाइल काढली, खटका दाबला आणि तीन वर्षांपूर्वीचा अर्ज समोर ठेवला. अक्षर प्रतापचं, मजकूर विभावरीबाईंनी सांगितलेला. कारणाच्या रकान्यात: गुण सुधारण्यासाठी. खाली शाळेचा शेरा: पालकांच्या विनंतीवरून. आजारपणाचा शब्द कुठेही नव्हता.

मग विभावरीबाईंनी ते केलं, जे चौतीस वर्षांत केलं नव्हतं. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, कोपर दुखत होतं हेही खोटं नाही. सहा आठवड्यांची गैरहजेरी तुमच्याच नोंदीत असेल. एकच ओळ. मुलीचं सगळं त्या ओळीवर आहे.

फ्राउ आमोननी पेनला टोपण लावलं. अर्ज परत फाइलमध्ये घातला, खटका बंद केला, आणि फाइल दोन्ही हातांनी टेबलाच्या कडेशी सरळ केली. मान खाली. विभावरीबाईंना पुढचं वाक्य ठाऊक होतं. ते येण्याआधी त्यांच्या कानशिलात ऊन ऊन झालं.

"इथे आहे तेच मी लिहू शकते," फ्राउ आमोन म्हणाल्या. आवाज मऊ होता. गैरहजेरीचे दिवस मागितलेत तर देईन, पण वर्ष त्यामुळे परत केलं असं शाळा म्हणणार नाही, कारण तसं कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

विभावरीबाईंना राग आला. त्या बाईचा, त्या केंद्राचा, वर्षं मोजणाऱ्या प्रत्येकाचा. आणि राग आला असतानाच दिसलं, की खिडकीच्या या बाजूला उभं राहिलं की ते वाक्य किती लहान आणि किती बंद असतं. वासुदेवला तर तेव्हा त्यांनी बसायला खुर्चीही दिली नव्हती.

"त्यात एक चूक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "विनंती पालकांची नव्हती. माझी होती. तसं लिहाल?"

फ्राउ आमोननी पत्राच्या कोऱ्या फॉर्मकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आजीसाठी रकाना नाही," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी स्वतःच्या कपाटातून कॉफीचा दुसरा कप काढला.

खरं पत्र घेऊन विभावरीबाई घरी आल्या. प्रतापने ते वाचलं आणि टेबलावर टाकलं. हे पाठवून उपयोग काय, असं तो म्हणाला. नुसतं कोपर म्हणायला सांगितलं होतं, तेवढंही झालं नाही तुझ्याच्याने. पुढे बरंच बोलला. शाळेला, केंद्राला, स्वतःलासुद्धा. खालच्या श्रेणीतल्या कॉलेजांना हा मुदतीचा नियम लागत नाही, पण त्यांची भरती मार्चमध्येच संपली होती, हे त्याला कालच कळलं होतं. विभावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी केला होता प्रयत्न," त्या म्हणाल्या. "खोटं लिहा म्हणून सांगितलं मी त्या बाईंना."

सुकन्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. आईंकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

"पाठव ते," विभावरीबाई म्हणाल्या. "जसं आहे तसं."

अकरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. तनयाने खोलीतला मैदानाचा फोटो काढला, चुरगळला नाही, पुस्तकात ठेवला. जुलैत तिने ड्रेस्डेनला यंत्र अभियांत्रिकीला अर्ज केला. तिथे एक क्लब होता, भालाफेकीला बरा, असं तिच्या ट्रेनरचं मत पडलं. प्रतापने सगळ्यांना फोन करून सांगितलं, की शेवटी इथलीच डिग्री चांगली. प्रत्येक वेळी तो ते थोडं जास्त जोरात सांगायचा.

विभावरीबाईंचं परतीचं विमान ऑगस्टच्या मध्यात होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या तनयाबरोबर मैदानावर गेल्या. ट्रेनर रजेवर होता. त्या आठवड्यात अमेरिकेतलं कॉलेज सुरू होणार होतं; तारीख दोघींनाही पाठ होती, उच्चारली कोणीच नाही. विभावरीबाई बाकावर बसून नातीला बघत होत्या. धाव, आडवी पावलं, खांदा मागे, आणि मग एवढंसं शरीर एकदम लांब होऊन जायचं.

चौथ्या फेकीनंतर तनया पाणी प्यायला आली.

"त्या वर्षाचा हट्ट माझा होता," विभावरीबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबाचा नव्हता."

"मला माहितेय, आजी."

"राग आलाय?"

तनयाने बाटलीचं झाकण लावलं. "हो. खूप," ती म्हणाली. तिने ते साध्या मराठीत सांगितलं, जर्मनमध्ये पळून न जाता.

विभावरीबाईंनी मान हलवली. फाइल नव्हती म्हणून हातांना काही करायला नव्हतं. मग जे त्यांनी त्र्याऐंशी साली विचारायला हवं होतं, ते त्यांनी विचारलं.

"मग? आता काय करणार तू?"

तनयाने मैदानाकडे पाहिलं. भाला लांब गवतात तिरपा रुतून उभा होता.

"आता माप घ्यायचंय," ती म्हणाली. "ट्रेनर नाहीये. तू टेपचं टोक धरशील?"

गवतातून तिथवर चालायला विभावरीबाईंना वेळ लागला. गुडघे वाकेनात, शेवटी एक हात जमिनीला टेकवून त्या बसल्या. भाल्याच्या टोकाने मातीला पडलेली खूण त्यांनी बोटाने शोधली आणि तिच्यावर टेपचं टोक दाबून धरलं. तनया दुसरं टोक घेऊन मागे मागे जात लहान होत गेली. मग टेप ताणला गेला. विभावरीबाईंच्या बोटांना ओढ बसली, आणि त्यांनी शून्य हलू दिलं नाही.