दोनशे फुटांवर

संगणक जोडून देणं हा माझा धंदा, आणि लोकांना नाही म्हणणं हा त्या धंद्याचा निम्मा भाग. कुणाला आहे तेच यंत्र दुप्पट पळवायचं असतं, कुणाला त्यात रंगीबेरंगी दिवे हवे असतात, आणि मी सगळ्यांना एकच सांगते, की बाबांनो, धड चाललंय ना, मग उगाच त्याच्या जिवाशी खेळू नका. पण कॅप्टनकाकांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी आज हिंडतेफिरते आहे ती त्यांच्यामुळे.

मी अकरा वर्षांची असताना आई आणि मी ज्या विमानात बसलो होतो, ते दाट धुक्यात उतरवणारे हेच. एक इंजिन बंद पडलेलं, इंधन तळाला गेलेलं, खिडकीबाहेर नुसता पिंजलेला कापूस. चाकं टेकली तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की तिच्या अंगठीचा वण चार दिवस गेला नाही. त्या उतरण्याला आता बावीस वर्षं झाली. पुढे दर वर्षी त्या तारखेला आई त्यांना आभाराचं पत्र लिहायची. माझी ठमी जन्मली तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं, आणि मी त्यात एक ओळ हटकून घालते, की काका, तुम्ही होतात म्हणून ही आहे.

ठमी सात वर्षांची. पुढचा दात नुकताच पडलेला, त्यामुळे बोलताना मधेच शिट्टी वाजते, आणि ती वाजावी म्हणून बाईसाहेब मुद्दाम स चे शब्द शोधून बोलतात. पडलेला दात तिने बटणांच्या डबीत जपून ठेवलाय. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला मी पेन्सिलीने तिच्या उंचीची रेघ मारते आणि शेजारी आकडा घालते. सात रेघा झाल्यात. ह्यापेक्षा जास्त काही मला आयुष्यात नको आहे, हे मी खरंच मनापासून सांगते.

काका निवृत्त झाल्यावर त्यांचा विमान उडवायचा संगणक मीच जोडून दिला. समोर तीन पडदे, हातात खरी वाटावी अशी दांडी, पायाखाली पेडल. रोज सकाळी अकरा वाजता, म्हणजे खरं विमान उतरलं त्याच वेळेला, ते तेच धुकं लावतात, तेवढंच इंधन ठेवतात आणि तेच विमान पुन्हा उतरवतात. काकू म्हणतात, "इतरांचे नवरे रिकामे झाले की निदान भाजी तरी आणतात. आमचे रोज दीडशे माणसं घेऊन येतात, आणि चहाला एकही थांबत नाही."

मागच्या सोमवारी त्यांनी मला बोलावलं. "चित्र अडकतंय गं. बघ जरा."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. यंत्राचा आवाज उंची मोजत होता. पाचशे. चारशे. तीनशे. दोनशे. आणि चित्र थिजलं. तीनही पडद्यांवर पांढरं धुकं, खाली काहीच नाही. काका दांडी धरून तसेच बसले. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मग चित्र हललं, आणि विमान धावपट्टीवरून सावकाश घरंगळत होतं.

"बावीस सेकंद," काकू म्हणाल्या. "रोज बावीस. एक इकडे नाही की तिकडे नाही."

असे खेळ यंत्राच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, घाम फोडतात हे खरं. चित्र अर्धा सेकंद गचके खातं, हेही मी शंभरदा पाहिलंय. पण बावीस सेकंद कधी नाही. मी मोजमापाचा तक्ता उघडला, तर त्या वेळात प्रोसेसर बंद नव्हता. उलट तो जीव तोडून राबत होता. पडद्यावर काही बदलत नव्हतं, मग तो कशासाठी राबत होता, ते कुठेच लिहून येत नव्हतं.

"ओव्हरक्लॉक कर," काका म्हणाले. म्हणजे बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या वेगाच्या वर त्याला पळवायचं. ते वाचून तयारच बसले होते.

"काका, तापेल तो. चुकाही करेल. नका ना त्या फंदात पडू."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुला आजवर सांगितलं नाही. खऱ्या विमानातही दोनशे फुटांनंतरचं मला आठवत नाही. दोनशे ऐकलं, आणि मग आपण धावपट्टीवर होतो. मधे माझ्या हातांनी काय केलं, मला ठाऊक नाही. तुम्ही लोक वर्षानुवर्षं पत्रं पाठवता. कशाबद्दल? मला एकदा बघायचंय गं. आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, फार तर तीन महिने. मग मधलं काही दिसणार नाही, नुसत्या कडा उरतील."

ह्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि मी कसली त्याला तत्त्वज्ञान शिकवतेय! मी पंखा मोठा बसवला, वेग एक पायरी चढवला आणि म्हटलं, "चला, उतरवा."

दोनशे. धुकं. काकूंनी मोजलं. एकवीस.

आणि चित्र सुटण्याच्या ऐन आधी, पापणी लवते न लवते तेवढ्यात, धुक्याखालचं काहीतरी दिसलं. ते डांबर नव्हतं. ती नांगरलेली माती होती, काळी, ओली आणि फार जवळ. मग पुन्हा आपली धावपट्टी, आणि विमान घरंगळतंय.

"दिसलं काही?" काकांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना ते टिपता आलं नव्हतं.

"धुकंच," मी म्हटलं. "उद्या अजून एक पायरी बघू." का खोटं बोलले कोण जाणे. पिशवी उचलली आणि घरी आले.

ठमी टेबलाशी पाय हलवत अभ्यास करत होती. मी दप्तर उचलून जागेवर ठेवलं, तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि ती माझ्याकडे वळून हसली. तिच्या तोंडात सगळे दात होते.

मी तिची हनुवटी धरून बघितलं. पुढचा दात जिथल्या तिथे, घट्ट, हलतसुद्धा नव्हता. बटणांच्या डबीत नुसती बटणं. तिच्यापुढे पुस्तक पहिलीचं होतं.

"अरे, ही दुसरीचा अभ्यास सोडून हे काय घेऊन बसलीय?" मी तिच्या बाबांना विचारलं.

तो भांडी पुसत होता. "दुसरीचा? पहिलीतच तर आहे ती. बरी आहेस ना?"

मी चौकटीपाशी गेले. रेघा सहा होत्या. सातवीच्या जागी खोडल्याची खूण नव्हती, रबराचा डाग नव्हता, काही नव्हतं. मी तिथे हात ठेवून उभी राहिले आणि ठमी मागून स चे शब्द म्हणत होती, एकालाही शिट्टी न वाजवता. त्या संध्याकाळी मी तिला तीनदा कुशीत घेतलं, तर ती म्हणाली, "आई, पुरे की आता!"

दुसऱ्या दिवशी अकराला मी काकांकडे होते. ते चष्मा पुसून, दांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे तयार. "आज दोन पायऱ्या चढव," म्हणाले. "एकदम."

"काका, मी वेग चढवणार नाही. उतरवणार आहे."

"काल तुला दिसलं काहीतरी."

"हो."

"धावपट्टी होती?"

मी पडद्यांकडे बघितलं. काकू ट्रे घेऊन तशाच दारात उभ्या. मी म्हटलं, "काका, माझी मुलगी सात वर्षांची आहे. काल सकाळपर्यंत सात होती. मला ती परत सात हवी आहे. ह्याहून जास्त मला नीट सांगता येत नाही. तुमचं ऋण मी विसरलेले नाही, पण एवढं मागू नका माझ्याकडे."

ही बाई काय बरळतेय, असं कुणीही म्हटलं असतं. काका म्हणाले नाहीत. त्यांनी दांडीवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. बराच वेळ ते हातांकडे बघत होते. समोरचं नीट दिसेना, म्हणून मान जराशी वळवून, कडेने.

"उतरव," ते म्हणाले. "जेवढं जाईल तेवढं."

मी वेग नेहमीच्या जागी आणला आणि तिथे थांबले नाही. पायरी पायरीने खाली नेत गेले, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. त्याच्या खाली यंत्र जाईना. मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा ते नाही म्हणालं. मग काकांनी विमान सोडलं. पाचशे. चारशे. तीनशे. दोनशे.

धुकं थांबलं. ह्या वेळी काकांनी दांडी धरली नाही. काकूंनी त्यांच्या हातात कप दिला आणि ते त्या पांढऱ्या पडद्यांसमोर सावकाश चहा प्यायले. पंखा घरघरत होता. काकू ओठांतल्या ओठांत मोजत होत्या आणि मी श्वास धरून ऐकत होते. बावीस गेले. पंचवीस गेले. एकतीसला चित्र सुटलं आणि विमान धावपट्टीवर घरंगळायला लागलं.

"इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या हातांनीच काहीतरी केलं असणार," काका म्हणाले. "आज हात सोडून बसलो. तरी सगळे वरच होते ना गं?"

"वरच होते, काका."

"मग मी काही केलंच नव्हतं कदाचित. पण काय छान वाटलं म्हणून सांगू! एवढी माणसं वर, आणि कुणालाही काही झालेलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हसूही येत होतं. "पत्रं बंद करू नका हं तुम्ही. पत्ता चुकीचा असेल, मजकूर बरोबर आहे."

काकूंनी मला दारापर्यंत सोडलं. माझा हात हातात घेऊन त्या नुसता थोपटत राहिल्या. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, माणसं पिशव्या घेऊन चालली होती, एका दुकानदाराने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला त्या प्रत्येकाला थांबवून थँक्यू म्हणावंसं वाटत होतं.

घरी शिरले तर आतून शिट्टी ऐकू आली. "सस्सा! सायकल! साबण!" माझा जीव भांड्यात पडला. ठमी स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून, टाचा उचलून उभी होती. दाताच्या जागी खिंड. मी तिथेच खाली बसले आणि तिला पोटाशी धरून रडले, आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आई, हे बघ ना. हे कधी केलंस?"

मी वर बघितलं. सातवी रेघ तिच्या डोक्याशी होती. तिच्या वर आठवी होती, नववी, दहावी, सगळ्या पेन्सिलीच्या, सगळ्या माझ्याच अक्षरातल्या, शेजारी आकडे घातलेल्या. मी उठून एकेकीवर बोट ठेवत गेले. शेवटची सोळावी, माझ्या कपाळाएवढी उंच. जास्तीचे सेकंद नऊ, जास्तीच्या रेघाही नऊ. इतकी उंच होणार होती माझी मुलगी.

मनातल्या मनात मी आभार मानले, अगदी पोटातून, एकेका रेघेचे. मग सोळावीच्या वर हात नेला. तिथून पुढे चौकट कोरी होती.