शिवणाऱ्यानं आधी बसायचं

आप्पांच्या दुकानात एकच कायदा होता. गादी असो, खुर्चीची बैठक असो, नाहीतर जहाजावरच्या बाकाची उशी, ज्यानं शिवली त्यानं आधी तिच्यावर बसायचं. बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बूड कुरकुरलं नाही, तरच माल गिऱ्हाइकाच्या हाती. "आपल्या बुडाला जे सोसत नाही ते दुसऱ्याच्या बुडाखाली सारणं म्हणजे हरामखोरी," आप्पा म्हणायचे, आणि बायाबापड्यांसमोरही म्हणायचे. त्यांना लाज शब्दाची नव्हती, खोट्या मालाची होती.

बाळ्या हा आप्पांचा मुलगा. टक्कल पडलं, पोरीला चष्मा लागला, तरी बाळ्याच. आप्पांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली तेव्हापासून दुकान तो बघायचा आणि आप्पांनाही तोच बघायचा. लोक ह्या बघण्याला सेवा म्हणायचे. फार गुळगुळीत शब्द आहे तो, त्याच्यावरून घसरत माणूस आरामात पलीकडे जातो. सेवा म्हणजे बापाला काखेत हात घालून उचलणं, शौचाला बसवणं, धुणं, पुसणं, कूस बदलणं, माकडहाडावरची जखम चिघळू नये म्हणून नाक न मुरडता रोज बघणं. "असा मुलगा नशिबानंच मिळतो हो," शेजारी म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकही हरीचा लाल कधी एका संध्याकाळपुरता आप्पांना बघायला आला नाही.

तर त्या वर्षी परदेशी फिरायला जायचं ठरलं. माडांच्या बेटावर. हट्ट मुळात आप्पांचाच. त्यांच्या ऐन उमेदीत गाद्यांत भरायचा काथ्या त्याच बेटावरून यायचा. गठ्ठ्यावर निळ्या शाईत माडाचा शिक्का असायचा. आयुष्यभर त्यांनी जहाजांची बाकं मढवली, पण जहाजावर पाय ठेवला तो माप घेण्यापुरता. माप घेतलं की उतरा खाली. "हा काथ्या निघतो कुठून ते बघायचंय," ते म्हणायचे. "त्या झाडाखाली जाऊन नुसतं बसायचं. दुसरं काही नको."

जेवणाच्या टेबलावर प्रवास कंपनीचे रंगीत कागद पसरले होते. बेटावर जायला दोन वाटा होत्या, विमान नाहीतर जहाज.

"जहाज!" चिमी म्हणाली. चिमी म्हणजे बाळ्याची मुलगी. "आजोबांना झोपून येता येईल. खोलीत पलंग असतो, बघ ना बाबा, चित्र आहे."

"जहाजात जाण्या-येण्यातच तुझ्या आईची रजा संपेल," बाळ्या म्हणाला. "बेटाला हात लावून परत फिरायचं का? शिवाशिवी खेळायला चाललोय?"

त्याची बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या रजेचं मी बघते. साहेबांच्या पाया पडेन, नाहीतर गळा धरेन. पण विमानात आप्पांना इतका वेळ बसवणार कसं? घरात जेवायला बसवलं तरी वरणभात संपेपर्यंत कळवळतात."

कोपऱ्यातल्या पलंगावरून आप्पा म्हणाले, "जहाजानं जाऊ रे. घाई कसली? तिथं काय माझं लग्न लागायचंय?"

सगळे हसले. बाळ्याही हसला. पण त्याच्या पोटात काय होतं ते ओठांवर आलं नाही. जहाज म्हणजे हलत्या फरशीवर, हातभर रुंदीच्या संडासात बापाला उचलणं. बेट म्हणजे वाळूत रुतलेली चाकांची खुर्ची. माडाखाली बसायचं तेही एक डोळा आप्पांच्या पायजम्यावर ठेवून. त्याला एकदाच, फक्त एकदा, कुणाचाही मुलगा नसलेला माणूस होऊन समुद्रात डुंबायचं होतं. हे मागणं काही पाप नव्हतं. तोंडानं मागितलं असतं तर घरातल्या कुणी नाही म्हटलं नसतं. पण 'असा मुलगा नशिबानंच मिळतो' हे ऐकायची त्याला चटक लागली होती. मुकुटही हवा आणि डोकंही हलकं हवं! म्हणून त्यानं मागितलं नाही. त्यानं तोडगा काढला.

"मी आप्पांसाठी उशी शिवतो," तो म्हणाला. "खास विमानासाठी. घरीच बसवून बघू. बसवलं तर सगळे विमानानं. नाही बसवलं, तर मग बघू."

बायकोचा चेहरा असा उजळला की त्याला मान खाली घालावी लागली.

अशा उश्या शिवण्यात बाळ्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. न चालणारी, न उठणारी माणसं त्याच्या उश्यांवर बसून दिवस काढत. गुपित म्हणावं असं काही नसतं. कडक फोम खाली, मऊ फोम वर, आणि मागच्या बाजूला माकडहाड येतं तिथं वाटीएवढा खळगा कापायचा. म्हणजे हाड टेकत नाही, अधांतरी राहतं. शिकाऊ माणूससुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकतो.

बाळ्यानं दुकानात दुपारी दार लोटून घेतलं. कडक फोम वर घेतला. मऊ खाली घातला. खळग्यासाठी सुरी उचलली, टेकवली, आणि परत ठेवून दिली. वरून निळं कापड ओढलं आणि अशी देखणी, सरळ टाक्यांची शिवण मारली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आयुष्यात इतकं सुबक काम त्यानं केलं नव्हतं. मग उशी पिशवीत घातली. तिच्यावर तो बसला नाही.

रविवारी सकाळी दिवाणखान्याचं विमान झालं. चिमीनं खुर्च्या ओळीनं मांडल्या, गळ्यात आईची ओढणी बांधली आणि हवाई सुंदरी झाली. बाळ्याची थोरली बहीण आक्काही आली होती. ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे कुठलंही वाहन म्हटलं की तिचा अधिकार.

"पट्टा बांधा, आजोबा! खिडकीतून हात बाहेर काढू नका."

"विमानाची खिडकी उघडत नाही गं, येडे," आक्का म्हणाली. "आप्पा, ओकारी आली तर आधी सांगायचं. माझ्या बसमध्ये पोरं आधी ओकतात आणि मग सांगतात."

बाळ्यानं उशी खुर्चीवर ठेवली आणि आप्पांना उचललं. खाली टेकवण्याआधी आप्पांनी उजव्या हातानं खुर्चीची कड धरली.

"बसून पाहिलंस?"

"हो."

"चहा?"

"प्यायलो की, आप्पा."

आप्पा बसले. पहिल्यांदा हसले. चिमीनं बिस्कीट दिलं, ते त्यांनी खाल्लं. मग हळूहळू त्यांचा चेहरा ताठ होत गेला. कपाळावर घाम आला. उजवा हात त्यांनी मांडीखाली सारला, आणि वेदनेनं सारला असं सगळ्यांना वाटलं. फक्त बाळ्याला दिसलं की ती बोटं वेदनेची नव्हती. ती कारागिराची होती. ती कापडावरून मागे सरकली, खळग्याच्या जागी थांबली, तिथं एकदा दाबून बघितलं, आणि कडेनं फिरून बाहेर आली.

बाळ्याचे कान तापले. आता बोलतील. आता शिवी हासडतील.

"नाही बसवत रे," आप्पा म्हणाले. "उतरवा मला."

"उशीत काही चुकलं का?" बायकोनं विचारलं.

"उशी फसक्लास आहे. टाके बघ कसे मारलेत. माझंच बूड नाठाळ."

"मग जहाजानंच जाऊ!" चिमी ओरडली. "बाबा, तूच म्हणालास ना, मग बघू म्हणून!"

उत्तर दिलं आप्पांनी. "जहाज मला लागतं गं, बाळा. पोटात ढवळतं. तरुणपणी माप घ्यायला चढायचो ना, तेवढ्यातही ओकायचो. तुम्ही जा विमानानं. मला आक्का बघेल."

आक्कानं आप्पांकडे टक लावून पाहिलं. जहाजावर माप घ्यायला गेलेले आप्पा खलाशांचं जेवण हादडून, वर डबा भरून घरी यायचे, हे त्या दोघा भावंडांना पक्कं ठाऊक होतं. त्या डब्यावरून दोघांची मारामारी व्हायची. खोट्याला खोट्यानं झाकलं होतं म्हाताऱ्यानं, आणि झाकलं होतं ते मुलाचं.

त्या क्षणी दोन शब्द पुरले असते. आप्पा, चुकलो. बाळ्यानं ते गिळले आणि विमानाची तिकिटं काढली.

नंतरचे दिवस त्यानं आप्पांची अशी काही बडदास्त ठेवली की आप्पाच वैतागले. पाय चेप, डोक्याला तेल लाव, उशाशी फळं कापून ठेव. "अरे, काय मरायला टेकलोय का मी?" असं म्हणायचे, पण उशीबद्दल अवाक्षर नाही. एखादी शिवी घातली असती तर बाळ्या सुटला असता. हे आप्पांना कळत होतं की नाही, देव जाणे.

निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी होती. बाळ्या पाया पडायला वाकला, तेव्हा आप्पांच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं दिसलं. तो हात निर्जीव. कुणी ठेवील तिथं पडून राहायचा.

"हे काय झालं?"

"टोचलं काहीतरी. त्याला कुठं कळतंय," आप्पा म्हणाले आणि पलंगाशेजारची पिशवी त्यांनी उजव्या हातानं पुढे ढकलली. "ही उशी घेऊन जा. तुझी कंबर धरते. मला उचलून उचलूनच धरलीय ती."

"नको, आप्पा."

"घे म्हणतो ना! शिवलेला माल घरात पाडून ठेवायचा नसतो."

आक्का चौकटीला टेकून उभी होती. एरवी तिच्या तोंडाला ब्रेक नसायचा. आज तिनं भावजयीला जवळ घेतलं, चिमीचा मुका घेतला, आणि बाळ्याकडे न बघता आत निघून गेली.

विमानानं जमीन सोडली. चिमी खिडकीला नाक लावून खालच्या समुद्रात जहाजं शोधत होती. बायको म्हणाली, "अहो, उशी काढा ना. आप्पांनी एवढ्या मायेनं दिलीय."

त्यानं पिशवी उघडली. कापड तेच, निळं. पण मागची शिवण त्याची नव्हती. टाके वेडेवाकडे होते, कुठं लांब, कुठं एकावर एक चढलेले. एका हातानं दाभण चालवणाऱ्याचे. दुसरा हात, तो मेलेला, कापडावर वजनासारखा ठेवला असणार. शिवणीच्या कडेला तपकिरी ठिपके वाळले होते. बाळ्यानं वरून दाबलं. मऊ. मागे बोटं नेली. तिथं खळगा होता, जिथं हवा बरोब्बर तिथं. फोम आक्कानं धरला असेल, सुरी आप्पांनी चालवली असेल.

आणि उशीचे कोपरे बसले होते. नव्या उशीचे कोपरे सशाच्या कानांसारखे उभे असतात. त्यांच्यावर कुणी बराच वेळ बसल्याशिवाय ते खाली येत नाहीत. दुकानाचा कायदा आप्पांनी पाळला होता. शिवली, आणि बसले. कोपरे पार लोळेपर्यंत बसले.

म्हणजे ते येऊ शकले असते.

"बसा की त्यावर," बायको म्हणाली.

तो बसला. काही टोचलं नाही, काही दुखलं नाही. कंबरसुद्धा गप्प झाली.

खरीखुरी हवाई सुंदरी आली आणि तिनं चहा पुढे ठेवला. बाळ्यानं कप हातात धरला.

"बाबा, पी ना," चिमी म्हणाली. "थंड होतोय."

"पितो."

पण तो प्यायला नाही. चहा संपला की माल ज्याचा त्याच्या हाती द्यायचा असतो. ज्याची ही उशी, तो माणूस खाली, कोपऱ्यातल्या पलंगावर कुशीवर पडलेला होता. चिमीनं पुन्हा एकदा सांगितलं. कपावर साय धरली, ती सुरकुतली, आणि बाई येऊन भरलेला कप तसाच उचलून घेऊन गेली.