फुकटचं पान

"बोला सर, मागता का जाऊ देता?" साहेबरावांनी विचारलं, आणि शिवशंकरनं हातातली पानं पुन्हा एकदा पाहिली.

लातूरच्या एका क्लासमधल्या या तीन मास्तरांचा हा रिवाजच होता. रविवारचा सराव पेपर कोणी घ्यायचा, ते शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये पोकरवर ठरे. पैशाचं नाव नाही, चिंचोके लावायचे. शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यांत कमी, त्याचा रविवार गेला. आजचा हा शेवटचा डाव होता आणि उद्या तीस सप्टेंबर.

त्र्याण्णव साली याच तारखेच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शिवशंकरचे आईवडील गेले होते. उरली धाकटी बहीण सिंधु, ती इस्लापूरला दिलेली. दर तीस सप्टेंबरला दोघं जुन्या किल्लारीत जात आणि घर होतं तिथं दिवा लावत. एवढं सांगितलं असतं तर या दोघांनी त्याला हसत मोकळं केलं असतं. पण किल्लारीचा म्हटलं की समोरच्याचा आवाज मऊ होतो, आणि तो मऊ आवाज त्याला सोसत नसे. म्हणून क्लासमध्ये त्यानं आपलं गाव औसा सांगून ठेवलं होतं. आता ते निस्तरणार कसं?

त्याच्या हातात एक्का होता, टेबलावर दुसरा. या घडीला सर्वांत भारी जोडी त्याचीच. पण टेबलावरच्या चार पानांत दोन बदाम होते, आणि शेवटचं पान यायचं होतं; तेही बदाम निघालं आणि कोणाच्या हातात दोन बदाम असले, तर ते पाच बदाम जोडीवर भारी. साहेबरावांची नजर त्या बदामांवरून हलत नव्हती. मागायचे, म्हणजे आपण लावून बाकीच्यांनाही तेवढेच लावायला सांगायचं, तर नियमानं एका वेळी दोनच चिंचोके. दोनाला साहेबराव कशाला उठतात? पण आपण न मागता जाऊ दिलं आणि शेवटी बसलेल्या तिसऱ्या मास्तरानं, विरूपाक्षनं, दोन मागितले, तर त्यावर चढवून चार करता येतील. चाराला साहेबराव नक्की पानं टाकतील. आणि विरूपाक्ष तर मागितल्याशिवाय राहणारा माणूसच नव्हता.

"जाऊ द्या," शिवशंकर म्हणाला.

"माझंबी जाऊ द्या," साहेबराव म्हणाले.

विरूपाक्षनं पानं पाहिली, कान खाजवला. "जाऊ द्या. आज लई मार खाल्लाय."

शेवटचं पान फुकट आलं. बदामाची पंजी. साहेबरावांनी हातातले दोन बदाम मांडून पाच पुरे केले आणि चिंचोके ओढून घेतले. मोजले तेव्हा शिवशंकरपुढे विरूपाक्षपेक्षाही एक कमी भरला.

"तुम्ही दोन मागितले असते तरी मी आलोच असतो," ते शिवशंकरला म्हणाले. "चार असते तर उठलो असतो. उद्या काही काम होतं का सर?"

आताही सांगता आलं असतं.

"न्हाई. काही न्हाई."

गॅलरीत येऊन त्यानं सिंधुला फोन लावला.

"सिंधु, मला उद्या जमायचं न्हाई. तू जा."

"दादा, आपलं घर मला घावंल का? मी लई बारकी होते. दरसाली तूच दाखवतूस."

"विहिरीपासून डाव्या हाताला वळ. तिथून..."

"विहीर बुजवली की रं मागल्या साली."

खाली क्लास सुटला होता, पोरं सायकली काढत होती. शिवशंकरला दुसरी एकही खूण आठवेना. त्याचे पायच तिथं जात, डोक्याला कधी विचारावं लागलं नव्हतं.

"दादा?"

"हाव," तो म्हणाला. "जिथं उभी राहशील, तिथं लाव."