वडिलांचा बाक

संसदेच्या सभागृहाबाहेर खुंटीला अडकवलेली ती लाल फीत... जुन्या काळी खासदारांनी तलवार टांगावी म्हणून ठेवलेली. तलवारी गेल्या, फीत राहिली, आणि गेली अकरा वर्षं खासदार अँब्रोज वेदरॉल तिच्यात आपली छत्री टांगत आला होता. आज तिच्यात दुसऱ्याच कुणाची काठी होती.

"छत्री तिकडच्या सभागृहात पाठवलीय, लॉर्डसाहेब," दारावरचा पिकर्सगिल नजर खाली ठेवून म्हणाला. महिन्यापूर्वीपर्यंत हाच माणूस त्याला अडवून फुटबॉलचे निकाल ऐकवायचा.

महिन्यापूर्वी वडील गेले. पहाटे, झोपेत, कुणाला त्रास न देता... आणि त्याच घटकेला अँब्रोज त्यांच्या जागी लॉर्ड स्केल्डन झाला. उमरावाला लोकांनी निवडलेल्या सभागृहात बसता येत नाही, आणि उमरावकी नको म्हणायची कायद्यात सोय नाही. नीट रडणंही झालं नव्हतं. रडू बापासाठी येतंय की गेलेल्या जागेसाठी, हेच कळेना, म्हणून त्यानं ते गिळलं होतं.

उमरावांसाठी राखलेल्या सज्जात तो जाऊन बसला. खाली खाणमजुरांच्या फुफ्फुसांचा प्रश्न निघाला. त्याचाच प्रश्न... त्याच्या मतदारसंघातल्या ब्रॅकनथॉर्पच्या ऑलिव्ह गारसाइडला तिच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं तो विचारायचा शब्द दिला होता. आतल्या खोलीत तिचा नवरा खोकत होता, आणि खोकला थांबला की हे दोघंही बोलायचे थांबत. निघताना ती म्हणाली होती, "मत तुम्हाला दिलंय हो, तुमच्या बापाच्या नावाला नाही."

आज तो प्रश्न दुसऱ्याच कुणी वाचून दाखवला. धुळीनं रोग होतो याला अजून पुरेसा पुरावा नाही, असं मंत्र्यांनी सांगितलं — खोटं, गेल्या हिवाळ्यात यांच्याच डॉक्टरांनी... विचारा ना, कुणीतरी विचारा — आणि आपण कठडा धरून उभे आहोत हे त्याला बाही ओढली गेली तेव्हा कळलं. शेजारी वडिलांचे जुने दोस्त, लॉर्ड मेल्व्हिक.

"बस बाबा. इथून बोलता येत नाही आपल्याला."

खाली कुणीच काही विचारलं नाही. पुढचा विषय टपालपेट्यांचा होता.

मेल्व्हिकनी त्याला हाताला धरून उमरावांच्या सभागृहात नेलं. तिथं नदीतल्या सॅमन माशांवर चर्चा चालली होती.

"तुझा बाप इथंच बसायचा," त्याला एका बाकावर बसवत मेल्व्हिक कुजबुजले. "सव्वीस वर्षांत एकदा बोलला. कुठल्याशा पुलाबद्दल."

"काय म्हणाले?"

"आठवत नाही. पण छान बोलला."

इथं तर बोलता येतं, उद्याच धुळीचा विषय काढू, असं अँब्रोजच्या मनात आलं... इथं कुणी अडवणार नाही, ओरडणार नाही. शांतपणे ऐकतील, मान डोलावतील आणि चहाला जातील. पलीकडे लोक त्याच्यावर ओरडायचे, तेव्हा केवढा संतापायचा तो — आणि आता तो आरडाओरडाच हवासा वाटत होता.

बाक मऊ होता. पाठ आपोआप टेकली. माशांविषयीचा तो आवाज लांबून आल्यासारखा येऊ लागला, डोळे जड झाले — आणि एकदम तो घाबरला, कारण या महिन्यात पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं. उठावं... उठायला हवं, तो स्वतःला बजावत होता, आणि पाय त्याचं ऐकतही होते कदाचित. फक्त त्यांना घाई नव्हती.