हिरवळीवरचे अकरा डाग

आमच्या गल्लीत कोणाच्या गवतात शेवाळ आलं की माणूस आधी आमच्या फाटकाशी येतो. बाबा निवृत्त झाल्यापासून घरचा दवाखाना चालवतात. रोगी गवत, फी शून्य, सल्ला अमर्याद. "हुमणी आहे, साबणाचं पाणी ओता, अळ्या वर येतील." "एवढं खाली कापू नका हो, ते गवत आहे, हजामत नाही." सल्ले बरोबर असतात. हेच वाईट.

कारण मग आमच्याच हिरवळीवर डाग पडायला लागले. ताटलीएवढे, मध्ये तपकिरी, भोवती गडद हिरवी कड. आठ झाले तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला.

"कुत्र्याची लघवी."

कुत्र्याचं नाव वकील. बंद दारासमोर तो तासभर युक्तिवाद करतो म्हणून. या प्रकरणात मात्र त्याला स्वतःची बाजू मांडता आली नाही.

"दोन आठवडे बघू," बाबा म्हणाले. "नाही थांबलं तर मामाकडे. त्याच्या अंगणात नुसती फरशी आहे."

वकील सात वर्षं माझ्या पायाशी झोपतो. मी झारी भरली. तो जिथे पाय वर करील तिथे लगेच भरपूर पाणी ओतायचं, म्हणजे गवत जळत नाही. हा उपायही बाबांचाच. दहा दिवस मी त्याच्या मागे झारी घेऊन फिरलो. वकिलाला संकोच वाटू लागला. तो झुडपामागे जायचा, मी झुडपामागे जायचो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "पोरगा बरा आहे ना?"

शेवटचे चार दिवस तर मी त्याला गवतावर पाऊलच टाकू दिलं नाही, रस्त्यावरच फिरवलं. तरी तीन नवे डाग.

"बाबा, चार दिवस तो इथे आलेलाच नाही!"

"परिणाम उशिरा दिसतो," बाबा म्हणाले. त्याच आठवड्यात शुक्रवारी त्यांनी सहा शेजाऱ्यांना अंगणात बोलावून, काठीने एकेक डाग दाखवत, 'कुत्रा आणि गवत' या विषयावर व्याख्यान दिलं. वकील पहिल्या रांगेत बसून ऐकत होता.

रविवारी मामा आला. "भाचेबुवा, तोंड पाडू नका, माझ्याकडे मजेत राहील." वकील शेपूट हलवत गाडीत चढला. त्याला वाटलं फिरायला.

आणि डाग थांबले.

आठवडा गेला, दुसरा गेला. एकही नवा नाही. बाबा फक्त "बघ" म्हणाले. मला पटलं. मी मामाला व्हिडिओ कॉल लावून वकिलाला म्हणालो, "तूच होतास रे. मी उगाच तुझी बाजू घेतली." त्याने पडदा चाटला.

मग म्हटलं, डाग तरी बुजवू. मेलेलं गवत खरवडून काढलं, माती भुसभुशीत केली आणि बियाणं आणायला बागेच्या खोलीत गेलो. बियाण्याच्या डब्याखाली बाबांची वही होती. बाबा सगळं लिहून ठेवतात.

'सोमवार. फाटकाजवळ गवत फिकट. युरिया, दीड मग.' 'गुरुवार. मध्यभागी फिकट. दीड मग.' अशा अकरा नोंदी. मग म्हणजे त्यांचा दाढीचा मग. जिथे दोन चिमटी पुरतात तिथे दीड मग, कोरडाच. पुढे:

'शनिवार. अकराही डाग युरियाचेच. डोस बंद.'

'रविवार. वकील गेला.'

मी वही घेऊन बाहेर आलो. बाबा पाइप धरून पाणी घालत होते. वही पाहिली आणि पाण्याची धार बराच वेळ स्वतःच्याच चपलेवर धरून उभे राहिले.

"शनिवारी कळलं होतं तुम्हाला?"

"अरे, शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो."

"आणि वकील?"

"तो काय बोलणार होता?"

आई दारातून म्हणाली, "आणि हा पोरगा दहा दिवस झारी घेऊन फिरत होता, तेव्हा काही बोलावंसं नाही वाटलं?" बाबा म्हणाले, "तेव्हा मला माहीत नव्हतं," आणि हा आपला बचाव झाला अशा थाटात त्यांनी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे जाऊन वकिलाला आणलं. रस्ताभर त्याला सगळं समजावलं: वही, मग, शनिवार. माझ्या माफीचा भाग दोनदा सांगितला.

फाटक उघडलं. बाबा पायरीवर बसले होते. वकील हिरवळीच्या कडेला थबकला, तिच्यावर पाय न टाकता भिंतीच्या कडेकडेने पळत गेला आणि सरळ बाबांच्या मांडीवर चढला. दीड मग मोजणारे ते हात त्याने कोपरापर्यंत चाटले.

बाबांनी तोंड फिरवलं. "डोळ्यात युरिया गेला," म्हणाले.

युरियाचं पोतं मी आदल्या दिवशीच टाकून दिलं होतं. मी सवयीने फाटकाजवळची झारी उचलून उभा राहिलो, वकील माझ्याकडे कधी बघतो याची वाट बघत. त्याने झारीकडे बघितलं आणि बाबांच्या काखेत तोंड खुपसलं.